कठीण दगडाला मऊ पाक

मालन शिरसाटला राग लवकर येई आणि आला की मुक्कामाला राही. घाटकोपरच्या पंतनगरात तिच्या आईला, द्रौपदीबाईंना, शेजारणी ऐकवत, "तुमची पोर बीएस्सी झाली हे बरं झालं, पण तोंडाला लगाम नाही हो." द्रौपदीबाई म्हणत, "लगाम असता तर बीएस्सी झाली नसती," आणि दार लोटून घेत.

मरोळला 'गिरिभेद टूल्स' नावाचा कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत मालन कामाला होती. दगडात खोल भोक पाडायचे बिट तिथे बनत. बिट म्हणजे पोलादी नळीचं तोंड. त्या तोंडाला एक जाडजूड कडं असतं. धातूची भुकटी आणि हिऱ्याची कणी एकत्र कालवायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, की हे कडं तयार. हिरे दागिन्यांतले नव्हेत, यंत्रात बनवलेले, पिवळट, रव्याएवढे. नळी गरगर फिरते, कडं दगड कापत खाली जातं आणि नळीच्या पोटात दगडाची कांडी उभी राहते. ती वर काढून इंजिनियर लोक जमिनीच्या पोटात काय दडलंय ते बघतात. धरण बांधा, पूल बांधा, आधी ही कांडी बघावी लागते.

साचे भरणाऱ्या बायका त्या धातूला पाक म्हणत. चिक्कीत पाकात दाणे असतात तशी धातूत कणी, म्हणून पाक. पुढे साहेब लोकही तेच म्हणू लागले.

गिरिभेदचं घोडं अडलं होतं ते मुंबईच्या काळ्या दगडापाशी. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत डोंगरांच्या पोटात हा दगड असा घट्ट बसलाय, की बिट हातभर आत जाई आणि नुसता गरगरत राही. कारखान्यातल्या प्रत्येकाचं मत एकच, दगड कठीण तर पाक आणखी कठीण करा. केला. बिट आणखी लवकर अडले.

मालननं उलटं केलं. तिचं म्हणणं असं, की वरची कणी दगडावर घासून बोथट होणारच. ती गळून पडली पाहिजे आणि खालची ताजी कणी वर आली पाहिजे. त्यासाठी पाक झिजायला हवा. रेताड दगड असला तर त्याची रेतीच पाक झिजवते. ह्या काळ्या दगडात रेती नाही. मग पाक झिजत नाही, बोथट कणी तिथेच बसते आणि बिटाचं तोंड गुळगुळीत होतं. तेव्हा पाक कठीण करणारं टंगस्टन कमी करा, तांबं-कथील वाढवा. पाक मऊ हवा.

सांगायला सोपं. पण किती मऊ? फार मऊ केला तर धारदार कणीसुद्धा गळून जाते. साकीनाक्यापलीकडच्या खाणीतून दगड आणून, एकेक मिश्रण भाजून, कापून बघण्यात तिची दोन वर्षं गेली. शेवटी एक बिट काळ्या दगडात असा शिरला, की यंत्रावरचा माणूस दचकून मागे सरला.

कारखान्याचे मालक एक गुजराती शेठ, पण सगळं बघत ते मॅनेजर शरच्चंद्र देवस्थळी. इंजिनियर, गोरेपान, बोलायला मधाळ. माणूस मूर्ख नव्हता, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. मूर्ख असता तर मालनला इतका राग आला नसता. फोर्टातल्या एका हॉटेलात गिऱ्हाइकांपुढे त्यांचं भाषण झालं. "मी विचार केला", "माझ्या लक्षात आलं", "माझा हा मऊ पाक". मालन मागच्या रांगेत नमुन्यांचे खोके सांभाळत बसली होती. तिचं नाव घ्यायला अर्धा श्वास पुरला असता.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली.

"सर, काल माझं नाव राहून गेलं."

"कशातलं?"

"पाकातलं."

"असं बघ मालन, कारखान्यात एकट्यादुकट्याचं काही नसतं. जे आहे ते गिरिभेदचं."

"मग काल तो 'मी मी' कोण करत होता? गिरिभेद?"

शरच्चंद्र हसले. "चहा घेणार?"

"शेठना भेटणार."

"शेठ सुरतेला गेलेत. सोमवारी भेट."

सोमवार यायचाच होता. त्याआधी शनिवार आला.

इथे कारखान्याची एक रीत सांगायला हवी. हिऱ्याच्या कणीचा एक गुण आहे, ती पाण्याला दाद देत नाही पण तेलाला चिकटते. म्हणून कामाच्या दिवशी बायकांनी डोक्याला तेल लावायचं नाही असा दंडक होता. तरी हवेत उडालेली पूड केसांत बसेच. संध्याकाळी फाटकाशी झडतीवाली शांताबाई पांढरा कागद पसरून प्रत्येकीचे केस फणीनं विंचरी. चार-दोन कण पडत. ते डब्यात झटकायचे आणि घरी जायचं. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. उलट बायका थट्टा करत, "काय गं शांताबाई, आज माझ्या डोक्यातून नथीपुरते तरी निघाले का?"

त्या भाषणानंतर मालनच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शुक्रवारी रात्री तिचं डोकं इतकं ठणकत होतं, की द्रौपदीबाईंनी तिला पुढ्यात बसवून टाळूवर खोबरेल थापलं. सकाळी साबणानं धुतलं, पण सगळं थोडंच निघतंय! संध्याकाळी फणी फिरली तेव्हा कागदावर रोजच्यापेक्षा पुष्कळच पूड पडली. आणि जे कधी फाटकाकडे फिरकत नसत ते शरच्चंद्र नेमके तिथे उभे होते.

"हे काय?"

"पूडच ती सर, रोज निघते," शांताबाई म्हणाली.

"तेल लावून रोज निघते?" त्यांनी मालनच्या केसांत बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं, सगळ्यांना दाखवलं. "शिकलेल्या माणसाची चोरीसुद्धा शिकलेली असते. पोलिसात देत नाही, हे उपकार समज."

बाहेर पडायची वाट बघत सगळ्या बायका उभ्या होत्या. एकीचंही तोंड उघडलं नाही. मोकळ्या केसांनी मालन फाटकाबाहेर आली. रोज निघणारी पूड त्या दिवशी चोरी ठरली, आणि हा धंदा एवढासा, की आठवड्याभरात अंधेरीपासून ठाण्यापर्यंत हिऱ्याची हत्यारं बनवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर ती गेली.

द्रौपदीबाईंनी हाय खाल्ली. "माझ्या हातानं लावलं गं मी," एवढंच घोकत बसायच्या. रविवारी विहारात जाणं बंद, नळावर जाणं बंद.

"आई, रडू नकोस," मालन म्हणाली. "त्याच फाटकात त्याला माझं नाव घेऊन खरं बोलायला लावते की नाही बघ. काहीही करून."

"असं मनात धरू नये, बाळा."

"मनात नको तर कुठे धरू?"

पुढे काही वर्षं तिनं शिकवण्या केल्या. 'कारखाना का सोडलास?' ह्या प्रश्नाशी प्रत्येक नोकरी फिसकटे. मग मुलुंडला चंद्रप्रकाश वैती भेटले. पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडिंगची हत्यारं बनवत, अंगानं आडवे, मनानं सरळ. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "ऐकलं ते खरं? कणी घेतली होतीस?"

"नाही."

"इथली घेशील?"

"मला घ्यायची असती तर बीएस्सीला कशाला गेले असते? फणीवाली झाले असते."

चंद्रप्रकाश खो-खो हसले आणि उद्यापासून ये म्हणाले.

तिथे तिनं पुन्हा मऊ पाक बनवला, पहिल्यापेक्षा सरस. ह्या खेपेला कण्या सगळ्या एका मापाच्या न घेता दोन मापांच्या घेतल्या, म्हणजे मोठी पडली की लहान तिची जागा धरते. मुलुंडचे बिट हळूहळू नाव काढू लागले. ते वापरणाऱ्यांत एक दादू मेस्त्री होता. मूळचा देवगडकडचा. गिरणी संपात गेल्यावर बोअरच्या यंत्रावर लागला आणि यंत्राला बायकोसारखा ओळखू लागला. एकदा तो गिरिभेदचा एक बिट गोणपाटात गुंडाळून घेऊन आला.

"बाय, ह्यो बघ. ह्यो दगड खाणा नाय, नुसतो चाटता."

बिटाचं तोंड चकचकीत होतं, त्यात बघून टिकली लावावी इतकं. मालननं नख ओढलं, कानस ओढली आणि मोठ्यानं हसली. काय झालं असावं ते तिला कळलं. मऊ पाकाचे बिट भराभर कापत, पण झिजतही. गिऱ्हाईक झिजलेला बिट हातात घेऊन तक्रार करणारच, की बघा, संपला. मालन तिथे असती तर त्याला सुनावलं असतं, बाबा, तो झिजतो म्हणून तर चालतो. पण शरच्चंद्र पडले शोध लावणारे, त्यांना तक्रार सोसवेना. दर तक्रारीगणिक त्यांनी पाक थोडा थोडा कठीण केला होता. चोरलेल्या वस्तूची डागडुजी करता करता तिची वाट लावली होती.

"ह्याचा तू काय करतंस मग?" तिनं दादूच्याच बोलीत विचारलं.

"काय करतलंय? भोकात विटेचो नि घासचाकाचो चुरो टाकतंय, पाणी कमी करतंय, जरा दाब देतंय. तोंड उघडता. पण वायच. परत तसाच."

विटेचा नि ग्राइंडिंगच्या चाकाचा चुरा रेतीसारखा पाक झिजवत असणार, हे मालनच्या लक्षात आलं. तिनं तो बिट ठेवून घेतला.

शहाऐंशी साली भांडुपच्या डोंगराखालून पाण्याचा बोगदा काढायचं ठरलं. त्याआधी डोंगरावर जागोजाग भोकं पाडून दगड बघायचा होता. काम घेतलेल्या कंपनीनं बिटांची चाचणी ठेवली. शेजारी-शेजारी दोन भोकं, एका जागी मुलुंडचा बिट, एका जागी गिरिभेदचा. यंत्र कंपनीचं, चालवणारा दादू. बिटाबद्दलच्या सूचना बिटवाल्यानं द्यायच्या, दादूनं स्वतःची अक्कल चालवायची नाही. दोन दिवसांत जो जास्त खोल जाईल त्याला सगळं काम.

आधी सगळ्यांची बैठक झाली. शरच्चंद्र आले, शेठ आले. शरच्चंद्रांनी मालनकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. कंपनीच्या इंजिनियरनं काही शंका आहेत का विचारलं, तशी मालन उठली.

"गिरिभेदचे बिट कापतात छान, पण फार झिजतात अशी तक्रार असते म्हणे. ऐन कामात संपले तर?"

शरच्चंद्रांचे कान लाल झाले. "ती तक्रार जुनी झाली. चाचणीला असा बिट आणतो, की दोन दिवसांनी त्याच्या तोंडावर ओरखडा दिसला तर काम मागणार नाही."

"बघा हं. सगळ्यांदेखत बोललात."

"सगळ्यांदेखतच बोलतो मी."

"हो, ते मला माहीत आहे."

बाहेर आल्यावर चंद्रप्रकाश कपाळाला हात लावून म्हणाले, "मालन, तू तर त्याला सावध केलंस!"

"सावध? त्याच्या भट्टीत टंगस्टनचं एक जादा माप टाकून आले मी."

चाचणीच्या सकाळी पहिल्यांदा मुलुंडचा बिट लागला. भोकातून राखाडी, दाट पाणी उसळून येऊ लागलं. दगडाचा भुगा तो. "खाता, खाता, बरो खाता," दादू पुटपुटत होता. बिट वर काढला तेव्हा तोंड खवणीसारखं खरखरीत आणि चांगलंच झिजलेलं. इंजिनियरच्या कपाळाला आठी पडली. शरच्चंद्र शेठच्या कानाशी लागले, "बघितलंत? पहिल्याच झटक्यात घासला."

मग गिरिभेदचा बिट. सुरुवात झोकात झाली. हातभर गेला. मग वर येणारं पाणी पातळ झालं, आणखी पातळ झालं आणि अखेर नळाच्या पाण्यासारखं निवळ आलं. दगड कापतच नव्हता, तर भुगा येणार कुठून?

"दाब वाढव," शरच्चंद्र म्हणाले.

दादूनं वाढवला. नळ्या थरथरल्या.

"आणखी."

"सायब, नळी तुटली तर बिट खालीच ऱ्हवतलो. मगे डोंगराच्या पोटातच पूजा घाला त्याची."

बिट वर काढला. आरसा. एक ओरखडा नाही, शब्द अगदी खरा केला होता. शरच्चंद्रांनी दुसरा लावला, तोही तसाच. सगळे एकाच भट्टीचे. दुपार कलली तरी दुसरं भोक हातभरच होतं. शेठ छत्रीखाली बसून रुमालानं मान पुसत होते. शेवटी ते उठले आणि सरळ मालनकडे आले. मागून शरच्चंद्र.

"बेन, तू पहेले आपल्याकडेच होतीस ना? काहीतरी उपाय असेल याच्यावर."

"आहे ना," मालन म्हणाली. "बंद पडलेलं तोंड उघडता येतं. काम किरकोळ आहे."

"मग सांग ना."

"मी सांगेन. आधी हे सांगतील. कणी मी घेतली नव्हती आणि पाक माझा होता, एवढं मरोळच्या फाटकात, सुटीच्या वेळी, शांताबाईपुढे."

शरच्चंद्र म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?"

"तर मग नका खेळू. दादू, चहा आला का रे?"

शेठना खऱ्याखोट्याशी घेणं नव्हतं. समोर बोगदा होता. "शरदभाई, गाडीमध्ये बसा," ते म्हणाले. "बोलवानं काही कमी होतं का?"

शेठच्या गाडीत पुढे शेठ, मागे एका खिडकीशी मालन, दुसरीशी शरच्चंद्र. मरोळच्या फाटकाशी पोचले तेव्हा बायकांची रांग लागलीच होती. शांताबाई हातातली फणी तशीच धरून बघत राहिली.

"मालननं काही घेतलं नव्हतं," शरच्चंद्र कागदाकडे बघत म्हणाले.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," मालन म्हणाली.

"मालननं कणी घेतली नव्हती. तो पाकही तिनंच तयार केला होता."

"आणि हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं की नव्हतं?"

शरच्चंद्रांनी शेठकडे बघितलं. शेठ घड्याळाकडे बघत होते.

"माहीत होतं."

शांताबाईला रडू फुटलं. "आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं गं बाई!"

"मग तेव्हा बोलायचं होतं," मालन म्हणाली. शांताबाईनं पुढे केलेला हात तिनं घेतला नाही. ती रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकीचं तोंड बघत गेली. बघून झाल्यावरच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शब्द पाळला. विटेचा आणि घासचाकाचा चुरा भोकात कसा टाकायचा, पाणी किती कमी करायचं, दाब कधी सोडायचा, सगळं शरच्चंद्रांना उभं राहून शिकवलं, लपवाछपवी न करता. बिटाचं तोंड उघडलं. राखाडी पाणी आलं. शेठनी टाळी वाजवली, शरच्चंद्रांच्या चेहऱ्यावर रंग आला, त्यांनी इंजिनियरला हाकही मारली.

इंजिनियर जवळ येईपर्यंत पाणी पुन्हा पातळ झालं होतं.

परत चुरा, परत दाब. वीतभर कापलं, परत निवळ. प्रत्येक वेळी शरच्चंद्र कमरेत वाकून चुरा टाकत होते, गुडघे चिखलानं भरले होते, आणि मालन शेजारच्या दगडावर बसून बघत होती. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर ते उठले. काय चुकलंय ते त्यांना कळलं होतं. माणूस मूर्ख नव्हताच.

"पाक कठीण आहे," ते हळूच म्हणाले. "ह्या दगडात तो पुन्हा पुन्हा बंद पडणार."

"हो."

"तुला काल माहीत होतं."

"काल? बैठकीत मी झिजण्याचं काढलं ना, तेव्हापासून माहीत आहे. तोंड कसं उघडायचं विचारलंत, ते सांगितलं. उघडं कसं राहील हे विचारलं नाहीत. आणि विचारून उपयोग नव्हता, त्याला पाक बदलावा लागतो. तो तुमचा शोध."

शेठनी मागे उभं राहून हे ऐकलं. काम मुलुंडला गेलं हे इंजिनियरनं सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. व्यापारी माणूस, सुतकात वेळ घालवणारा नव्हे. ते मालनला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, चूक झाली. ह्याला आज सांजे काढून टाकतो. ती खुर्ची तुझी."

"खुर्ची नको. आणि त्यांना काढू नका."

"का?" शेठना खरंच कळेना. "दया येते?"

"दया कसली! काढलंत तर दुसऱ्या कारखान्यात जातील, मधाळ बोलतील आणि तिथे मालन शिरसाट चोर होती अशी नवी गोष्ट सांगतील. इथेच ठेवा. त्याच केबिनमध्ये. काल फाटकात ज्या बायकांनी ऐकलं त्या रोज सकाळी त्यांच्या दारावरून जाऊ देत. चहा घेऊन येणाऱ्यालाही माहीत असू दे."

शेठ तिच्यापासून दोन पावलं मागे सरकले. शरच्चंद्रांना त्यांनी काढलं नाही. तीही मेहरबानी नव्हती, नवा इंजिनियर महाग पडला असता. पुढे कित्येक वर्षं शरच्चंद्र तिथेच होते. फाटकाकडे कारखान्याच्या मागच्या अंगानं वळसा घालून जात असत.

चाचणी आटोपल्यावर मुलुंडचं सामान टेंपोत चढलं. दादूनं शिटी घालत दोर आवळले. चंद्रप्रकाश चालकाशेजारी, त्यांच्या शेजारी खिडकीशी मालन. एवढं मोठं काम मिळालं, पण चंद्रप्रकाशांच्या तोंडावर हसू म्हणून नव्हतं.

"मालन," डोंगर उतरल्यावर ते म्हणाले, "इतकं वाईट चिंतू नये गं कुणाचं."

"चिंतलं कुठे? केलं."

"आणि आता? बरं वाटतंय?"

तिनं खरंच विचार केला. माणसं म्हणतात, सूड घेऊन हाती काही लागत नाही. तिनं चाचपून बघितलं. लागलं होतं, चांगलं मूठभर लागलं होतं.

"फार बरं वाटतंय," ती म्हणाली. "नाक्यावर थांबवा जरा. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."